रिले पुन्हा पुन्हा चिकटतो तेव्हा : बंद न होणाऱ्या एसी फॅनचं एक प्रकरण

खानापूर तालुक्यातली, केए-२२ पासिंगची पेट्रोल हॅचबॅक. वय नऊ वर्षं, रनिंग लाखाच्या पुढे. मालकांचं रोजचं जाणं-येणं खानापूर-बेळगाव, आणि अधूनमधून जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्याला. तक्रार अशी: "एसी बंद, किल्ली हातात, तरी फॅन फिरतोयच. बंदच होईना बघा." सकाळी बॅटरी उतरलेली. पावसाळा सरता सरता हे सुरू झालं आणि गाडी तपासायला येईपर्यंत फॅनचे दोन रिले बदलून झाले होते. (रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच: आतल्या कॉइलला बारीक करंट मिळाला की त्याचे पॉइंट जुळतात आणि फॅनचा मोठा करंट सुरू होतो.) नवा रिले घातला की काही आठवडे सगळं ठीक, मग पुन्हा तेच.

दोन्ही वेळा निदान झालं ते "रिले गेला" असं. ते खोटं नव्हतं, रिले गेलाच होता. पण चांगला रिले वर्षानुवर्षं टिकतो, तो इथे आठवड्यांत का जातो, हे कुणी मोजून पाहिलं नव्हतं. फॅन बंद न होण्याच्या तक्रारीत सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो.

फॅन कोणता, आणि कधी फिरतो

डॅशबोर्डच्या आतला, केबिनमध्ये हवा फेकणारा तो ब्लोअर. नॉब शून्यावर ठेवूनही तो फिरत असेल तर त्याचा रेझिस्टर, ट्रान्झिस्टर किंवा कंट्रोल पॅनल बघायचं. त्याचं सर्किट पूर्ण वेगळं. या प्रकरणातला फॅन बॉनेटखालचा, रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्या मागे बसलेला. बऱ्याच छोट्या गाड्यांत दोघांना मिळून हा एकच फॅन असतो. इंजिन तापलं की तो लागतो आणि एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की तेव्हाही लागतो.

म्हणून एसी चालू असताना फॅन फिरतोय हा दोष नाही. गरम इंजिन बंद केल्यावर काही गाड्यांत फॅन दोन-चार मिनिटं फिरून थांबतो, तोही दोष नाही. गाडीला हात लावायच्या आधी मालकांना चार प्रश्न विचारायचे: इंजिन पूर्ण थंड असताना फिरतो का? किल्ली काढल्यावर फिरतो का? किल्ली नुसती ऑन केल्या केल्या, स्टार्टर न मारता, लागतो का? एसीचं बटण बंद असताना काय? या चार उत्तरांवर अर्धं निदान होतं.

या गाडीत सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या थंड इंजिनावर, बॅटरीची वायर जोडल्या जोडल्या फॅन सुरू झाला. किल्ली खिशात. किल्ली काढल्यावर इंजिनाचा कंप्युटर, म्हणजे ईसीएम, थोड्या वेळात झोपतो आणि रिलेच्या कॉइलचा सप्लाय तुटतो. त्यामुळे थंड इंजिनावर, किल्लीशिवाय फिरणाऱ्या फॅनमागे सेन्सर असण्याची शक्यता जवळपास नसते. तरी या गाडीत आधीच्या एका ठिकाणी कूलंट टेम्परेचर सेन्सर बदलायचा सल्ला दिला गेला होता. किल्ली काढून एकदा बघितलं असतं तर तो विषय तिथेच संपला असता.

एक सूचना मनापासून. ज्या गाडीचा फॅन आपल्या मनाने चालतो, त्या गाडीत फॅनजवळ हात घालायच्या आधी फॅनचं सॉकेट काढा. थांबलेला फॅन केव्हा लागेल याचा नेम नसतो. ओढणी, मफलर, ढगळ बाही, हातातला कडा यांनी बोटं गेलेली आहेत.

रिलेच्या खोबणीत चार मापं

बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आतून नकाशा असतो. त्यावरून रेडिएटर फॅनचा रिले शोधला. नकाशा पुसला असेल तर फॅन फिरताना रिलेंवर बोट ठेवा, जास्त कोमट लागेल तो बहुतेक तोच. मात्र शेजारचा मेन रिले चुकून उपसू नका.

रिले उपसला, फॅन थांबला. इतक्यावरून कळलं की रिलेच्या पुढे, मोटरपर्यंतच्या वायरीत कुठून परका करंट येत नाही. रिले काढूनही फॅन फिरत राहिला असता तर कुणीतरी फॅन "डायरेक्ट" करून ठेवलाय असं समजून वायर हाताने माग काढत गेलो असतो. आपल्याकडे हे फार दिसतं. घाटात गाडी तापली की रस्त्यावरच्या कामात फॅनला थेट बॅटरी दिली जाते, गाडी घरी पोचते, आणि ती वायर तशीच वर्षानुवर्षं राहते.

आता खोबणीतली मापं. चार पायांच्या रिलेवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात: ३० वर बॅटरीचा सप्लाय, ८७ फॅनकडे, ८५ आणि ८६ कॉइलचे. जपानी धाटणीच्या काही रिलेंवर १, २, ३, ५ असतात; तिथे १-२ कॉइल आणि ३-५ पॉइंट.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून, काळी वायर बॅटरीच्या मायनसला:

३० वर, किल्ली बंद : १२.३ व्होल्ट. म्हणजे सप्लाय फ्यूजमधून थेट बॅटरीचा. पॉइंट चिकटले तर किल्लीशिवायही फॅन फिरणारच.
८६ वर, किल्ली बंद : शून्य. किल्ली ऑन : १२.१.
मग लाल वायर ८६ ला आणि काळी ८५ ला, किल्ली ऑन, इंजिन थंड, एसी बंद : शून्य.

हे शेवटचं माप सगळ्यात मोलाचं. ईसीएम फॅन मागतो तेव्हा ८५ ला अर्थ, म्हणजे बॅटरीचा मायनस, देतो. तिथे १२ व्होल्ट दिसले असते तर ईसीएम फॅन मागतोय किंवा त्याची वायर कुठेतरी बॉडीला लागलीय, असा अर्थ झाला असता. शून्य आलं, म्हणजे कुणी मागत नसताना फॅन चालू आहे. रिले टेबलावर घेऊन ३० आणि ८७ मध्ये मोजलं तर कॉइलला सप्लाय नसताना ०.३ ओहम, तिथे मीटरने काहीच दाखवायला नको. कॉइल ९० ओहमच्या आसपास, म्हणजे ठणठणीत.

रिलेची टोपी उचकटून बघितली. दोन पॉइंटांच्या मधोमध मोहरीएवढा काळसर डाग, त्यात वितळून थिजलेला चंदेरी थेंब. चाकूचं टोक घालून जरा रेटल्यावर बारीक "टच" झालं आणि ते सुटले. दोन्ही बाजूंना खळगा पडलेला. वेल्डिंगच झालं होतं ते, लहान आकाराचं.

इथे थांबलं तर गाडी परत येणार

नवा रिले घातला. किल्ली बंद, फॅन बंद. इंजिन तापवलं, स्कॅनरवर (ईसीएममधले आकडे दाखवणारं यंत्र) ९६ अंशांना फॅन लागला, ९१ ला सुटला. एसी लावला की फॅन लागला, एसीचं बटण बंद केलं की काही सेकंदांत थांबला. सगळं नीट. आधीच्या दोन्ही वेळा गाडी याच टप्प्यावर घरी गेली होती.

या वेळी फॅनच्या प्लस वायरीभोवती क्लॅम्प मीटर लावला. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी करंट मोजणारा आहे का ते बघून घ्या. इलेक्ट्रिशियनकडे असतो तो बरेचदा फक्त एसी करंटचा, म्हणजे घरच्या विजेचा. गाडीवर तो शून्यच दाखवणार. साध्या मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या खाचेतून फॅनचा करंट मोजायला जाऊ नका, मीटरचा फ्यूज जातो. डीसी क्लॅम्प नसेल तर दुसरा एक उपाय आहे: फॅन चालू असताना फॅनच्या फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टिंबांवर मिलिव्होल्ट मोजा आणि त्याच मॉडेलच्या धडधाकट गाडीत, तेवढ्याच फ्यूजवर, तेच माप घ्या. आकडा दुप्पट आला तर करंट दुप्पट.

रीडिंग आलं: फॅन स्थिर फिरत असताना २० अँपिअर. त्याच मॉडेलच्या शेजारच्या गाडीत ११. सुरू होतानाचा झटका ६० च्या वर.

कारण मोटरमध्येच आहे. डीसी मोटर फिरायला लागली की तिच्या आतच उलट्या दिशेचा व्होल्टेज तयार होतो आणि तो करंटला आवर घालतो. मोटर मोकळी आणि वेगात असेल तर आवर जास्त. शाफ्टला आधार देणारे बुश घासून, माती जाऊन ती जड झाली की वेग कमी, आवर कमी, करंट जास्त. थांबलेल्या मोटरला तर आवर नसतोच. वाइंडिंगचा विरोध ०.२ ओहम धरला तर १२ भागिले ०.२, म्हणजे ६० अँपिअर. चांगली मोटर हा झटका क्षणात संपवते. जड झालेली मोटर वेग घ्यायला वेळ लावते आणि तेवढा वेळ रिलेचे पॉइंट सोसत राहतात.

रिले सतत चालू राहिल्याने फारसा झिजत नाही. चालू होताना पॉइंट एकमेकांवर आपटून बारीक उड्या मारतात, त्या उडीत ठिणगी पडते आणि धातू वितळतो. बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटपासून गोवावेसपर्यंतच्या गर्दीत एसी लावून जाताना कॉम्प्रेसर जेवढ्या वेळा लागतो-सुटतो, तेवढ्या वेळा हा झटका. ३० अँपिअरचा रिले असला तरी दरवेळी ६० चा झटका त्याला पचत नाही.

मग फ्यूज का गेला नाही? मालकांचा हा प्रश्न रास्त होता. फ्यूज ३० अँपिअरचा, चालू करंट २०. तो दिवसभर धरेल. ६० चा झटका सेकंदाच्या आत उतरतो, तेवढ्यात फ्यूज वितळत नाही. फ्यूज वायरिंग जळू नये म्हणून असतो, रिलेचे पॉइंट वाचवायला नाही. म्हणून फ्यूज शाबूत आहे यावरून मोटर चांगली आहे असं कधी धरू नये.

व्होल्ट कुठे हरवतात

मोटर उतरवायच्या आधी फॅन चालू ठेवून वाटेतले व्होल्ट मोजले. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं मोटरच्या प्लस पिनेवर: ०.९ व्होल्ट. इतकं नको, अशा सर्किटमध्ये प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत आणि मायनसच्या बाजूला ०.२ पर्यंत चालतं. तुकडे पाडले तेव्हा बॅटरी ते रिले ०.१५, रिलेच्या आत ०.१०, रिले ते मोटर ०.६५. मायनसकडे ०.१५, म्हणजे अर्थ पॉइंट ठीक.

०.६५ व्होल्ट गुणिले २० अँपिअर म्हणजे १३ वॉट उष्णता, एका दोन पिनांच्या प्लॅस्टिक सॉकेटात. सॉकेट उघडलं तर प्लसची पिन तपकिरी, प्लॅस्टिक कडेने भाजून टणक झालेलं, मादी पिनेची पकड सैल. अशा सॉकेटात नवी मोटर लावली तर नवी मोटरही अर्धपोटी चालते आणि सॉकेट एक दिवस वितळतं. पिन कानसून पुन्हा लावणं हे काम नव्हे. मुलामा गेला की ती परत काळी पडते. चार इंच मागे चांगल्या तांब्यापर्यंत वायर कापून नवं सॉकेट, तेवढ्याच जाडीच्या वायरीचं, क्रिंप करून वर हीट-श्रिंक नळी. नुसती वायर पिळून टेप गुंडाळलेला जोड खानापूरच्या एका पावसाळ्यात हिरवा पडतो.

मोटर उतरवताना

इंजिन थंड, बॅटरीचा मायनस सोडलेला. या गाडीत फॅनची चौकट वरून दोन बोल्टांवर आणि खाली दोन खाचांत बसलेली, पण वरची रेडिएटर होज आड येत होती. होज काढायची म्हणजे लिटरभर कूलंट सांडतं, खाली भांडं ठेवा. फॅनच्या पात्याचा मधला नट काही मोटरींना उलट्या आट्याचा असतो. जोर लावायच्या आधी आटे बघा, नाहीतर पात्याचं बूड फुटतं.

हाताने फिरवल्यावर मोटर किरकिरत होती आणि शाफ्टला बाजूला खेळ होता. मालकांनी उघडून दाखवा म्हटल्यावर उघडली. तळाशी कार्बनची काळी पूड आणि खानापूरची तांबडी माती मिसळून घट्ट चिखल झालेला, शाफ्टवर गंजाचं कडं, मागचा बुश लांबट झालेला. एका कार्बनची (फिरत्या भागाला करंट पोचवणाऱ्या ब्रशची) स्प्रिंग चिखलात अडकलेली, त्यामुळे सगळा भार दुसऱ्यावर. मोटरच्या बुडाला पाणी निघायला बारीक भोक होतं, ते मातीने बंद. पाणी आत जायचं, बाहेर यायचं नाही.

पाणी येतं कुठून? जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी बंपरखालून थेट फॅनवर उडतं, हे एक. दुसरं, आणि आमच्या मते जास्त नुकसान करणारं, म्हणजे वॉशिंग सेंटरला बॉनेट उघडून प्रेशरने मारलेलं पाणी. पावसाचा शिंतोडा मोटरच्या कवचावरून ओघळतो, प्रेशरची धार शाफ्टच्या फटीतून बुशपर्यंत जाते आणि तिथलं ग्रीस घेऊन बाहेर येते.

कार्बन आणि बुश बदलून मोटर पुन्हा चालवता येते. बेळगावात हे काम करणारे चांगले हात आहेत. कम्युटेटर, म्हणजे कार्बन जिच्यावर घासतात ती तांब्याच्या पट्ट्यांची नळी, गुळगुळीत असेल, वाइंडिंग काळं पडलेलं नसेल, तर तसं करायला हरकत नाही. इथे कम्युटेटरच्या दोन पट्ट्या जळून खोल गेलेल्या होत्या. अशा मोटरला नवे कार्बन लावले तर ते थोड्याच दिवसांत खरवडले जातात. म्हणून नवी मोटर. घेताना वॉट, फिरण्याची दिशा, शाफ्टची लांबी आणि पात्याची बैठक जुन्याशी ताडून बघावी. फोटोवरून मागवू नये.

नव्या मोटरीची प्लस-मायनस उलटी लागली तर फॅन उलटा फिरतो, आवाज नेहमीसारखा येतो आणि फसवणूक लक्षात येत नाही. हवा पुढून आत, इंजिनाकडे ओढली गेली पाहिजे. फॅन चालू करून ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा चतकोर धरा. तो कंडेन्सरला चिकटून राहिला पाहिजे. उडून तुमच्याकडे आला तर वायरी उलट्या आहेत.

नवा घातलेला रिलेही जुन्याच क्रमांकाचा. काही रिलेंत कॉइलला समांतर रेझिस्टर किंवा डायोड असतो. कॉइल सुटताना जो उलटा झटका बसतो तो ईसीएमच्या आत जाऊ नये म्हणून. दिसायला सारखा, पाय बसतो, म्हणून बिनरेझिस्टरचा स्वस्त रिले घातला तर फॅन चालेल, पण दर वेळी तो झटका ईसीएम सोसेल. डायोडवाला रिले उलट्या पोलॅरिटीच्या खोबणीत बसवला तर डायोड सरळ शॉर्ट होतो. शे-दोनशे रुपये वाचवायची ही जागा नाही.

कूलंट भरताना हवा राहू देऊ नका. हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, इंजिन आयडलवर, थर्मोस्टॅट उघडून दोन्ही होज गरम होईपर्यंत बुडबुडे निघू द्यायचे. हवेचा फुगा टेम्परेचर सेन्सरपाशी अडकला की स्कॅनरवर आकडा वर-खाली उड्या मारतो, फॅन वाटेल तेव्हा लागतो-सुटतो, आणि नुकतं केलेलं काम चुकलं असं वाटतं.

जोडणी झाल्यावरची मापं: चालू करंट ११ अँपिअर, प्लसच्या बाजूला वाटेत हरवणारे एकूण ०.३ व्होल्ट, झटका तेवढाच मोठा पण लगेच उतरणारा.

"एसी लावला की अजून थांबतच नाही"

गाडी घेऊन जाताना मालकांनी हे बोलून दाखवलं आणि ते टाळून चाललं नसतं. एसीबरोबर फॅन लागणं बरोबर, पण कॉम्प्रेसर सुटल्यावर तो थांबायला हवा. इथे आयडलवर कॉम्प्रेसर सुटतच नव्हता, केबिन जेमतेम थंड होत होती.

एसीच्या गॅसचा दाब मोजणारे गेज लावले. हाय साइड म्हणजे कॉम्प्रेसरनंतरची जास्त दाबाची बाजू, लो साइड म्हणजे त्याआधीची कमी दाबाची. बाहेर ३३ अंश, इंजिन १५०० आरपीएमवर, एसी पूर्ण: हाय साइड ३०५ पीएसआय, लो साइड ४८. आर१३४ए गॅसच्या गाडीत या हवेला हाय साइड साधारण २०० ते २३० च्या घरात अपेक्षित. गॅस जास्त भरलाय का, ही पहिली शंका येते आणि लगेच गॅस सोडायचा मोह होतो. तो आवरून कंडेन्सरकडे बघितलं. समोरून स्वच्छ. पण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बॅटरीचा प्रकाश टाकला तर उसाचं पाचट, कापसासारखा भुगा आणि माती यांची सलग सतरंजी पसरलेली. चिकोडी-निपाणीकडे गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांमागून गाडी चालवली की हा कचरा ग्रिलमधून आत जातो आणि फटीत बसतो. समोरून कधीच दिसत नाही.

रेडिएटरचे वरचे क्लिप सोडून तो दोन बोटं मागे रेलवला. बागेच्या पाइपाच्या साध्या धारेने आतून बाहेर, म्हणजे इंजिनाकडून ग्रिलकडे धुतलं. प्रेशर गन इथेही नको, कंडेन्सरचे ॲल्युमिनियमचे पंख आडवे होतात आणि हवेची वाट कायमची बंद. वाळल्यावर पुन्हा गेज: २२५ आणि ३४. कॉम्प्रेसर आता सुटत होता आणि त्याबरोबर फॅनही. गॅस ग्रॅमभरही कमी-जास्त करावा लागला नाही. तुंबलेल्या कंडेन्सरमुळे फॅन तासन् तास फिरत होता, आणि मोटर लवकर झिजण्यात त्याचाही वाटा होता.

मापं वेगळी आली असती तर

किल्ली बंद केल्यावर फॅन थांबतो, पण किल्ली ऑन केल्या केल्या थंड इंजिनावरही लागतो, अशी तक्रार असेल तर रस्ता दुसरा. खोबणीत ८६-८५ मध्ये १२ व्होल्ट दिसतील. स्कॅनर लावा. सकाळच्या थंड इंजिनावर कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेएवढं दिसलं पाहिजे. उणे ४० दिसत असेल तर सेन्सरची वायर तुटली आहे किंवा सॉकेट सुटलंय. १२०-१४० दिसत असेल तर वायर शॉर्ट. ईसीएमला आकडा पटला नाही की इंजिन वाचवण्यासाठी तो फॅन सतत चालू ठेवतो. ही त्याची सावधगिरी आहे, बिघाड नव्हे. ईसीएमने नोंदवलेला बिघाडाचा कोड बहुधा पी०११७ किंवा पी०११८ असतो. सेन्सर काढून मोजला तर २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास यायला हवा. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो, पण तापवल्यावर विरोध सलग उतरत गेला पाहिजे. सेन्सरआधी त्याचं सॉकेट बघा. आपल्या भागात सेन्सरपेक्षा पिना जास्त गंजतात.

तापमान बरोबर, तरी फॅन चालू? मग एसी प्रेशर सेन्सर, कोड पी०५३२ किंवा पी०५३३. तीन वायरींचा सेन्सर असेल तर ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. एसी बंद ठेवून गाडी रात्रभर उभी असेल तर आतला दाब फक्त हवेच्या तापमानावर ठरतो: ३० अंशांना आर१३४ए चा दाब ९७ पीएसआयच्या आसपास. गेज तेवढं दाखवतोय आणि स्कॅनर ४०० म्हणतोय, तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटी. गेजही शंभरच्या खूप खाली असेल तर गॅसच कमी आहे.

स्कॅनर म्हणतो "फॅन ऑफ", आणि तरी ८५ ला अर्थ येतोय, तर ईसीएम आणि रिले यांच्यामधली वायर बॉडीला लागलीय. रायबाग-अथणीकडच्या गाड्यांत इथे उंदीर आधी आठवावेत. ऊस तुटला की ते शेतातून वस्तीत येतात, आणि गोठ्याशेजारी उभ्या गाडीच्या बॅटरी ट्रेखाली वायरिंग कुरतडतात. ट्रे उचलल्याशिवाय ते दिसत नाही.

अलीकडच्या अनेक गाड्यांत रिलेऐवजी फॅनचा वेग कमी-जास्त करणारा मॉड्यूल असतो. सिग्नल तुटला की तो फॅन पूर्ण वेगाने सोडतो. तिथे मॉड्यूल बदलण्याआधी सिग्नलची वायर तपासणं क्रमप्राप्त.

स्विच बसवायचा का

दुसरा रिले गेल्यावर या मालकांना डॅशबोर्डवर फॅनचा स्विच बसवून देतो असं सुचवलं गेलं होतं. कृपया करू नका. २० अँपिअर साध्या स्विचमधून आणि केबिनमधल्या बारीक वायरीतून नेले की आग लागायला वेळ लागत नाही. आणि चोर्ल्याचा चढ चढताना, गप्पांच्या नादात स्विच लावायचा राहिला, तर हेड गॅस्केट जाऊन इंजिन उघडायची वेळ येते.

रस्त्यात अडकलात आणि फॅन थांबतच नसेल, तर गाडी उभी करून फॅनचा रिले काढून खिशात ठेवा. बॅटरी वाचेल, ३५ अँपिअर-अवरची बॅटरी २० अँपिअरच्या फॅनपुढे दीड-पावणेदोन तासही टिकत नाही. पण गाडी सुरू करण्याआधी रिले परत लावा. फॅन चालू राहून गाडी घरी येणं, फॅनशिवाय येण्यापेक्षा केव्हाही बरं.

गाडी देण्याआधी

एसी लावून पंधरा मिनिटं आयडलवर उभी ठेवली, फॅन किमान तीन वेळा आपोआप लागून सुटलेला पाहिला. मग किल्ली काढून, दारं लावून अर्धा तास थांबून बॅटरीतून झिरपणारा करंट मोजला: ३० मिलिअँपिअर, ५० च्या आत म्हणजे ठीक. पुन्हा पुन्हा पार उतरलेल्या बॅटरीची ताकद घटलेली असते, म्हणून ती रात्रभर चार्ज करून लोड टेस्टला लावली, टेस्टमध्ये टिकून राहिली, बदलावी लागली नाही.

रनिंग नोंदवून ठेवलं. पुढच्या पावसाळ्यानंतर फॅनचा करंट पुन्हा मोजायचा. १४-१५ च्या वर गेला तर मोटरच्या बुडाचं भोक मोकळं आहे का ते आधी बघायचं. वॉशिंग सेंटरला सांगायचं की बॉनेट उघडून प्रेशर मारू नका, आणि पाचट काढायला दर हंगामानंतर रेडिएटर दोन बोटं मागे रेलवायचा.